आत्याला केअर सेंटरमधून बाहेर काढलं आणि तक्रार केली : माझा अनुभव

माझी आत्या 79 ची. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवायची, पेन्शन आहे, कुणाच्या उपकारात राहायचं नाही म्हणून पुण्यात एकटीच राहायची. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, ऑपरेशन नीट झालं पण चालणं गेलं ते गेलंच, आणि त्यानंतर विसरायला पण लागली. मी ठाण्यात, वन बीएचके, सासूबाई आमच्याकडेच, भाऊ कॅनडात. मग पुण्याच्या बाहेर एका ठिकाणी ठेवलं, म्हणजे वृद्धाश्रमच, पण बोर्डवर असिस्टेड लिव्हिंग वगैरे लिहिलेलं, महिना 32 हजार, डायपर आणि औषधं वेगळी, डिपॉझिट 1 लाख. नाव लिहित नाही, प्रकरण चालू आहे. पण आपल्याकडे अशी वेळ आली तर नक्की कुणाकडे जायचं हे कुणीच धड सांगत नाही, म्हणून जे जसं झालं तसं लिहितेय.

भेटायची वेळ शनिवार-रविवार 4 ते 6, तीही आधी फोन करून. त्या वेळात गेलं की आत्या पावडर-टिकली लावून, गाऊन बदलून खुर्चीत बसवलेली असायची, हॉलमध्ये भजनं, चहा-बिस्कीट, सगळं एकदम छान. मधल्या वारी फोन केला तर झोपल्यात, आत्ताच जेवल्यात, नेटवर्क नाहीये. एकदा ऑफिसच्या कामाने मी पुण्यात होते तेव्हा बुधवारी दुपारी न सांगता गेले. गेटवर वॉचमनने बराच वेळ थांबवलं, आत कुणीतरी फोनवर विचारून मग सोडलं, आणि वर गेल्यावर खोलीच्या दारातच वास आला. लघवीचा वास एखाद वेळी येणार हे मी समजू शकते, पण हा मुरलेला वास होता. बेल उशाशी असायची ती वायर गुंडाळून खिळ्याला वर अडकवून ठेवलेली, पाण्याचा जग खिडकीत, म्हणजे आत्याचा हात पोचणारच नाही अशा जागी. मी म्हटलं पाणी देऊ का, तर म्हणाली, "नको गं, पाणी प्यायलं की परत त्यांना बोलवावं लागतं, त्या चिडतात." एवढी विसरणारी बाई पण हे तिला पक्कं लक्षात होतं.

त्या दिवशी निघताना मी तिच्या डायपरच्या टेपवर बॉलपेनने एक बारीक टिंब काढलं आणि वेळ माझ्या फोनमध्ये टाकली. कुणाला सांगितलं नाही. रात्री मैत्रिणीकडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 11 ला परत गेले, तर तोच डायपर, तेच टिंब. बिलात मात्र रोजचे 4 डायपर लागत होते. मग मी सिस्टरकडे औषधांचा चार्ट मागितला, आधी नाही म्हणाल्या, मी म्हटलं बिल मी भरते तर चार्ट मला दाखवायला काय हरकत आहे. चार्टवर त्या दिवशीच्या रात्री 9 च्या डोसवर पण टिक होती! सकाळी 11 ला. पुढचं आणखी वाईट, त्यात क्वेटियापीन लिहिलेलं, म्हणजे मानसिक आजारावरची, गुंगी आणणारी गोळी, जी आमच्या डॉक्टरांनी कधीच दिली नव्हती, विचारलं तर म्हणे रात्री ओरडतात म्हणून आमच्या व्हिजिटिंग डॉक्टरांनी सुरू केलीय. तिची चिठ्ठी दाखवा म्हटलं तर चिठ्ठी नाही. म्हणजे गोळी देऊन झोपवायचं, झोपलेलं माणूस पाणी मागत नाही, कूस बदला म्हणत नाही, सगळ्यांचं काम कमी.

अत्याचार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मारहाण येते, आणि अंगावर वळ नाहीत म्हणून आपण निर्धास्त असतो. आत्याला कुणी मारलं नव्हतं. मी त्या दिवशी तिथल्या आयाबाईंना, म्हणजे मावशींना घेऊन तिला कुशीवर वळवलं तर माकडहाडापाशी साधारण दोन रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी जखम, कडा काळपट, मधे पिवळट, आणि डाव्या टाचेवर लाल चट्टा जो बोटाने दाबला तरी पांढरा होत नव्हता. हे दाबून बघायचं मला सासूबाईंच्या आजारपणात एका नर्सने शिकवलेलं, निरोगी कातडी दाबली की क्षणभर फिकी पडते आणि परत रंग येतो, लालच राहिली तर आत जखम व्हायला सुरुवात झालीय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर 2 तासांनी कूस बदलायची असते, हे त्यांच्या माहितीपत्रकात पण छापलेलं आहे. दोन्ही मनगटांवर फिकट पट्टे होते. मावशी खाली बघून म्हणाल्या, "रात्री नळी ओढतात ना, म्हणून बँडेजने बांधतो." कुठली नळी, आत्याला नळीच नव्हती.

या मावशींबद्दल लिहायलाच हवं, कारण नातेवाइकांमध्ये सगळे त्यांच्यावरच तुटून पडले. त्या रात्री पूर्ण मजल्यावर एकट्या, 18 पेशंट, आणि सकाळची ड्युटी करून डबल लागलेल्या. "ताई, मी कुणाकुणाला वळवू?" असं मला तोंडावर म्हणाल्या आणि मला त्यांचा राग आला नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा संस्थांमधल्या दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी मागच्या वर्षभरात आपल्या हातून म्हाताऱ्या माणसांशी गैरवर्तन झाल्याचं स्वतःच कबूल केलंय. एवढी सगळी माणसं काही मुळात दुष्ट नसणार. 32 हजार गुणिले 18 करा आणि रात्री एकच बाई ठेवा, हा निर्णय मावशींचा नाही. माझी तक्रार मॅनेजमेंटवर आहे, त्यांच्यावर नाही, आणि अर्जात पण मी तसंच लिहिलंय.

मला भांडायचं होतं तिथेच, पण माझी वकील मैत्रीण फोनवर म्हणाली आवाज चढवू नकोस, आधी कागद कर. मग आत्याला विचारून जखमेचे फोटो काढले, शेजारी छोटी पट्टी ठेवून, म्हणजे साईझ कळते. ती म्हणाली, "काढ, पण माझं तोंड घेऊ नकोस." बेलची वायर, जग, चार्टचं पान, सगळ्याचे फोटो. हे फोटो फोनमध्ये मूळ आहेत तसेच ठेवायचे, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या कॉपीत कधी काढला वगैरे माहिती उडून जाते. पुढे कोर्टात असे फोटो द्यायचे तर एक प्रमाणपत्र लागतं, त्याबद्दल वकिलाला विचारा. आणि त्याच संध्याकाळी मॅनेजरला ईमेल, अमुक दिवशी अमुक वेळी हे हे दिसलं, उद्या दुपारपर्यंत लेखी खुलासा द्या. खुलासा आला नाही, फोन आला, की मॅडम तुम्ही इमोशनल होताय, या वयात बेडसोर होतातच. लेखी द्या म्हटलं तर फोन ठेवला.

मग तिला हलवायचं ठरलं आणि खरा तमाशा तिथे झाला. अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी आणि मॅनेजर म्हणतात एक महिन्याची नोटीस करारात आहे, महिन्याचे पैसे भरा, मग गेटपास. मी म्हटलं डिपॉझिट आहे ना तुमच्याकडे. तर ते वेगळं म्हणे. मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलं होतं की पैशाचा वाद असेल तर त्यांनी नोटीस पाठवावी, दावा लावावा, पण पैशासाठी माणूस अडकवून ठेवता येत नाही, तो नवीन भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) 127 कलमाखाली गुन्हा आहे. मी तेवढंच म्हटलं आणि त्यांच्यासमोरच 112 लावला. पोलीस यायच्या आत गेट उघडलं. कुठल्याही कोऱ्या किंवा 'पेशंट समाधानी आहे' असल्या फॉर्मवर सही करू नका, माझ्यापुढे असा फॉर्म ठेवला होता, मी त्यावर 'जखमांसह ताब्यात घेतले' असं लिहून तारीख-वेळ टाकली आणि त्याचाही फोटो काढला.

हॉस्पिटलमध्ये पहिल्याच तासात डॉक्टरांना सांगा की जखम किती मोठी, कुठे, कुठल्या ग्रेडची, आणि अ‍ॅडमिट होताना होती, हे सगळं केसपेपरवर लिहा, आणि एमएलसी करा, म्हणजे पोलिसांना कळवायची केस (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद. एमएलसी म्हटलं की काही डॉक्टर कुरकुरतात, आमचे पण कुरकुरले, पण केली. जखम ग्रेड 3, म्हणजे कातडीच्या खालपर्यंत गेलेली, लघवीत इन्फेक्शन, शरीरात पाणी कमी. पुढे प्रत्येक ऑफिसात हा एकच कागद चालला, माझे फोटो लोक नुसते वरवर बघायचे.

पोलीस स्टेशनला ठाणे अंमलदार आधी म्हणाले, "ताई हे तुमचं घरगुती मॅटर आहे, सेंटरवाल्यांशी बसून मिटवा." मी वाद घातला नाही, लेखी अर्ज नेला होता, दोन प्रतींमध्ये, म्हटलं एवढ्यावर आवक शिक्का द्या. शिक्का मिळाला की अर्ज दिल्याचा पुरावा आपल्या हातात राहतो. न्याय संहितेत 357 नावाचं एक कलम आहे, आजारी किंवा असहाय्य माणसाला सांभाळायचा करार करून मुद्दाम सांभाळलं नाही तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड. शिक्षा काय थट्टेची आहे बघा, एका आठवड्याच्या फीपेक्षा दंड कमी. आणि ते अदखलपात्र, म्हणून एफआयआर न होता एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली, आणि एनसीत मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत, तो अर्ज मैत्रिणीने केलाय.

मधल्या काळात चारजणांनी सांगितलं की प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जा, 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याचं न्यायाधिकरण तिथे असतं. गेले. तिथल्या क्लार्कबाईंनी समजावून सांगितलं की ते न्यायाधिकरण मुलांनी किंवा वारस नातेवाइकांनी सांभाळलं नाही, निर्वाहाचे पैसे दिले नाहीत, यासाठी आहे, खाजगी वृद्धाश्रमाविरुद्ध तिथे दाद नाही. त्या कायद्यात दुरुस्ती करून केअर होमची नोंदणी आणि किमान निकष आणायचं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडलं होतं, पण ते पास झालंच नाही. त्यामुळे रात्री किती पेशंटमागे किती माणसं हवीत असा प्रश्न विचारायला मला खिडकीच सापडेना.

उपयोग झाला तो 14567 चा, एल्डरलाइन म्हणतात, ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, सकाळी 8 ते रात्री 8. फोन मराठीत घेतला, घाई केली नाही, आत्या सुरक्षित आहे का हे पहिलं विचारलं, आणि समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या नावाने अर्ज कसा करायचा ते सांगितलं. तिथे अर्ज पोस्टाने न टाकता हातोहात देऊन शिक्का घेतला. तो अर्ज बरेच दिवस नुसता पडून होता, हेही खरं.

पैशासाठी ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंत पैसे भरलेले असतील तर फी नाही, ऑनलाइन दाखल करता येतं, घटनेपासून 2 वर्षांच्या आत करायचं. करारावर सही माझी होती त्यामुळे तक्रारदार आम्ही दोघी आहोत. नोटीस गेल्यावर डिपॉझिट आपोआप परत आलं, सोबत वकिलाचं पत्र की यामुळे सर्व वाद मिटला असे समजावे. आम्ही नाही समजलो. डायपरचे पैसे आणि हॉस्पिटलचं बिल मागितलंय.

आत्या आता आमच्याकडे हॉलमध्ये. एअर बेड भाड्याने आणलाय, दिवसा ब्युरोची मावशी, रात्री मी आणि नवरा आळीपाळीने, सासूबाई आणि आत्या टीव्हीच्या रिमोटवरून भांडतात. टाच भरली, माकडहाडाची जखम अजून ड्रेसिंगवर आहे. भाऊ दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला सांगतो की आता जाऊ दे, कशाला मागे लागतेस.

मी सोडून देणारही होते कदाचित, पण त्याच मजल्यावरच्या एका आजोबांच्या मुलीने माझा नंबर शोधून फोन केला. तिला मावशींनीच सांगितलं होतं. ती नागपूरला असते, वडिलांना घेऊन गेली, त्यांच्याही पाठीला तसंच. तिने पण अर्ज दिला. एकाच जागेबद्दल दोन अर्ज झाल्यावर समाज कल्याणमधून फोन आला, पाहणीला जाणार आहेत, चार्टच्या फोटोची प्रत घेऊन या म्हणाले. सोमवारी जातेय.