आखाजीला दोस्ताच्या गावी

लढाईत गेलेल्या नौसैनिकांची स्मारकं आहेत. दीवला आयएनएस खुकरी या युद्धनौकेचं आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री त्या जहाजाबरोबर 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. पण नोकरी पुरी करून, पेन्शनवर येऊन, घरच्या खाटेवर डोळे मिटलेल्या दोस्ताला, जहाजाचे बॉयलर सांभाळणाऱ्या स्टोकरला, भेटायला जायचं कुठे? आमचं जहाज विराट. तेही 6 मार्च 2017 ला निवृत्त झालं आणि 2020 मध्ये तोडायला अलंगला गेलं. उरतं ते त्याचं गाव. दोस्ताचं गाव अमळनेरपासून तापीच्या अंगाला आहे, आणि जायचंच तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला जावं. पुण्यामुंबईकडे ती सोनं घेण्याची, खान्देशात ती पितरांची.

मुंबईहून खान्देश एक्सप्रेस सुरत-नंदुरबारवरून थेट अमळनेरला उतरवते. तिचं तिकीट नाही मिळालं तर मनमाड-चाळीसगाव करत जळगाव गाठायचं आणि तिथून सुरतच्या लाइनीने मागे यायचं. या बाजूने गाड्या भरपूर आहेत, पण जळगावला बदलाबदली आली. आदल्या दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसते, कारण लेकी माहेरी निघालेल्या असतात. गावात मुक्कामी गाडीने जाण्यापेक्षा सकाळची गाडी बरी. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला असतो. अकरानंतर फाट्यावर उभं राहायचं नाही. टोपीवर भागत नाही, कान झाकतील असा रुमाल लागतो. अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा पुढच्याच आठवड्यात, वैशाख एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी. परतीचं तिकीट त्या गर्दीच्या आधीचं काढलेलं बरं.

आता घागर. कुंभाराकडची नवी मातीची घागर बोटाने वाजवून घेतात. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. नवं मडकं पहिल्यांदा पाणी पितं आणि झिरपतंही, म्हणून पूजेच्या आधी पातळी पाहून पुन्हा भरावं लागतं. नाहीतर ऐन वेळी घागर गळ्यापाशी रिकामी दिसते आणि म्हाताऱ्या बायकांना ते अजिबात चालत नाही. घागरीच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे तिकडचं खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबा. सकाळी उंबरठा धुऊन पूर्वजांचं एकेक नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढतात. पणजोबापासून सुरुवात होते. दोस्ताचं बोट सगळ्यांत शेवटी, अजून ओलं.

दुपारी चुलीतल्या निखाऱ्यांवर पुरणपोळी, तूप, भात असा घास टाकतात, ती आगारी. आगारी पडेपर्यंत घरात कुणी जेवत नाही, तेव्हा सकाळी नाश्त्याची वाट पाहू नये. पितर म्हणून बाहेरच्या माणसाला पाटावर बसवण्याची रीत आहे. वहिनींनी तुमचं नाव काढलं तर आढेवेढे घेऊ नका. पाय धुवायला पाणी येईल, ते घ्या आणि बसा. पोळी खापरावरची, रुमालासारखी पातळ आणि आमरसात बुडालेली. सोबत भजी, कुरडया आणि रशी, म्हणजे तिकडचा झणझणीत रस्सा. रशी जपून, पहिल्या भुरक्यालाच ठसका लागतो.

मिलिटरी कॅन्टीनची रम नेऊ नये. त्या दिवशी पारावर पत्त्यांचे डाव रंगतात, त्यावर गावाची काही हरकत नसते, पण घागरीच्या घरात बाटली शोभत नाही. न्यायचेच तर फोटो न्या. घरच्यांकडे बहुधा वर्दीतला एकच, पासपोर्टच्या आकाराचा असतो. मागे जहाज, साल आणि कोण कुठे उभा आहे ते लिहा. दहा वर्षांनी पांढऱ्या वर्दीतले सगळे सारखेच दिसतात.

घरचे हमखास विचारतात, “काका, बाबा जहाजावर नेमकं करायचे काय?” ‘देशसेवा’ हे उत्तर पुरत नाही. विराटवर चार बॉयलर होते, सगळी चाल वाफेवर. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे गेज ग्लास सांगते, आणि काठोकाठ भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच लांबून अगदी सारखी दिसते. पाणी कमी झालं तर नळ्या जळतात. जास्त झालं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जाऊन पाती तोडतं. म्हणून नुसतं बघून वॉच, म्हणजे कामाची पाळी, ताब्यात घ्यायचा नसतो. काचेला जोडलेले वाफेचा आणि पाण्याचा, दोन्ही कॉक (तोट्या) बंद करून ड्रेन उघडायचा. मग फक्त पाण्याचा कॉक उघडून पाणी जोरात येतं का बघायचं, तो बंद करून वाफेचा तसाच तपासायचा. शेवटी तोही बंद, ड्रेन बंद, आधी पाणी सोडायचं, काच वरपर्यंत भरली पाहिजे, मग वाफ, आणि पातळी झटकन खाली जागेवर आली पाहिजे. रेंगाळली तर वाटेत कुठेतरी गाळ आहे. दोस्त हे दर वॉचला करायचा, आधीच्या माणसाने “आत्ताच केलंय” म्हटलं तरी. त्याला चिकट म्हणायचे लोक. मुलाला हे ऐकू द्यावं.

आणि जेवणानंतर कागद बघून घ्यावेत, हे काम शिपमेटने, म्हणजे जहाजावरच्या सोबत्याने, करायलाच हवं. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये वहिनींचं नाव एक आणि आधारवर दुसरं, ही खेड्यातली नेहमीची अडचण. फॅमिली पेन्शन तिथेच अडकतं. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्जचे कागद, वहिनींचं आधार, पॅन आणि बँक पासबुक, प्रत्येकावरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवायचं. जिथे फरक असेल तिथे प्रतिज्ञापत्र. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर अर्ज. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर फॅमिली पेन्शनचा वाढीव दर सात वर्षं किंवा तो 67 वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत मिळतो; त्यानंतर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. मृत्यूनंतरही त्याच्या नावावर पेन्शन जमा होत राहिलं असेल तर ते खर्चू नका, परत वसूल होतं. मंजुरीला उशीर झाला तरी थकबाकी मिळते. आणि दर वर्षी हयातीचा दाखला आता वहिनींनी द्यायचा आहे, हे मुलाच्या फोनमध्ये तारखेसकट घालून द्या.