शंभर किलोमीटर झाल्यावर परत का फिरलीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. गणपतीच्या आरतीनंतर हातात प्रसाद असताना विचारलंत, मुलांच्या मराठी शाळेबाहेर विचारलंत, साताऱ्याला गेले तर तिथेही विचारलंत: "माउंट रेनियरभोवती एकटी धावत होतीस ना, शंभर किलोमीटर झाले होते, पन्नासच राहिले होते. मग परत का फिरलीस?" त्यातला 'पन्नासच' मला दर वेळी लागतो. मी "पूल वाहून गेला होता" म्हणते आणि विषय बदलते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

वंडरलँड ट्रेल काय आहे हे सिएटलच्या मंडळींना सांगायला नको. साताऱ्याच्या लोकांसाठी एवढंच, की सिएटलजवळच्या माउंट रेनियर या 14,410 फुटांच्या बर्फाळ ज्वालामुखीला ही पूर्ण प्रदक्षिणा आहे. 93 मैल, म्हणजे 150 किलोमीटर, आणि सगळा चढ मिळून 22,000 फुटांच्या वर. लोक दहा-दहा दिवस मुक्काम करत चालतात. नावाजलेले धावपटू एका दिवसाच्या आत संपवतात. मी छत्तीस तास धरले होते.

ही रेस नाही, हे मात्र सगळ्यांनाच पुन्हा सांगावं लागतं. छातीवर नंबर नाही, पाण्याची टेबलं नाहीत, मेडल नाही. 'अनसपोर्टेड' म्हणजे निघताना पाठीवर जे असेल तेवढंच. पाणी ओढ्याचं, फिल्टर करून. वाटेत कुणी खजूर दिला तरी घ्यायचा नाही. "मग कशासाठी?" असंही विचारता. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या घाटात ढोल वाजवून चढवणारी माणसं असतात. मला ती फार आवडतात. पण ढोल नसताना मी किती चढते, ते एकदा बघायचं होतं.

ऑगस्ट 2023. शुक्रवारी रात्री आठला लाँगमायरहून निघाले, घड्याळाच्या उलट दिशेनं. वेळ मुद्दाम तशी धरली होती. पॅनहँडल गॅप ही खिंड मार्गावरची सगळ्यात उंच जागा, 6,800 फुटांच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे बर्फाचे उतार शिल्लक असतात. अंधारात बर्फावरून आडवं जायची मला भीती होती, म्हणून खिंडीत उजेडी पोचायचं ठरवलं. पोचलेही. समरलँडला उतरताना ल्युपिनची जांभळी फुलं दवानं वाकली होती, दुपारी कार्बन ग्लेशियरचं धुळीनं काळं पडलेलं तोंड बघितलं. पाय चांगले होते. पोट चांगलं होतं. हे सांगते कारण "दमली असशील" असं म्हणून तुम्ही मला सोडवायला बघता. मी इतकी दमले नव्हते.

हिमनदीतून निघणारी नदी उन्हावर चालते. दिवसभर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि पहाटे तीच नदी सगळ्यात कमी असते. हे मला पाठ होतं. तरीही मी वेळापत्रक बर्फाच्या भीतीनं बांधलं आणि साउथ मोविच नदीवर शनिवारी संध्याकाळी सव्वाआठला पोचले. चूक माझी. तिथले पूल म्हणजे आडवा टाकलेला एक ओंडका, वरची बाजू तासून सपाट केलेली, एका अंगाला लाकडी कठडा. पुरात ते जातात, नॅशनल पार्कची माणसं पुन्हा टाकतात. गुरुवारी मी चौकशी केली तेव्हा पूल होता. शनिवारी कठड्याचा एक तुकडा दगडांत अडकून राहिला होता, बाकी काही नाही.

उजेड अजून होता. काठानं वर-खाली फिरून जरा रुंद जागा शोधली, बॅगेचे पट्टे सोडले, दोन्ही पोल, म्हणजे टेकत चालायच्या काठ्या, हातात घेतले आणि उतरले.

आपल्याकडच्या ओढ्याला तळ असतो. पावसाळ्यात गढूळ झाला तरी उन्हाळ्यात बघितलेला तळ आपल्या लक्षात असतो. हे पाणी कालवलेल्या सिमेंटसारखं करडं होतं, कारण हिमनदीनं दळलेल्या खडकाचं पीठ त्यात असतं. पाय कुठे टेकणार, ते टेकल्यावरच कळायचं. आणि त्या पाण्याखालून दगड वाहत असतात. ते कानाआधी तळव्यांना कळतं. लहानपणी आजी पहाटे जात्यावर बसली की जमिनीवर झोपलेल्या माझ्या पाठीला घरघर कळायची, तसं. तिसऱ्या पावलाला पाणी मांडीपर्यंत आलं. डावा पोल प्रवाहात थरथरत होता. चौथं पाऊल उचललं आणि पोलचा खालचा भाग निसटून गेला, हातात नुसता वरचा दांडा राहिला. त्याच क्षणी घोट्यावर दगड बसला. पडले नाही. पण पुढचा पाय उचलेना.

मी तिथे चार मिनिटं उभी होते. घड्याळात नंतर बघितलं.

"मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला," असं मी एक-दोघींना सांगितलंय. तसं काही झालं नाही. डोळ्यांसमोर आला तो माझाच मेसेज. 2021 मध्ये आमच्या धावण्याच्या ग्रुपमधला एकजण याच नदीवरून परत फिरला होता. त्यानं प्रामाणिकपणे तसं लिहिलं, आणि मी खाली लिहिलं होतं: "नदी ओलांडणं हा या मार्गाचाच भाग आहे. ते जमत नसेल तर रस्त्यावर धावावं." तेव्हा मी ही नदी बघितलीही नव्हती. चार मिनिटांतला बराचसा वेळ मी या वाक्याशी भांडत होते. पुढे गेले तर ते वाक्य खरं करण्यासाठी जाणार होते. मागे फिरले तर ते मला आयुष्यभर चिकटणार होतं.

रेसमध्ये अशा जागी दोर बांधलेला असतो, नाहीतर कुणीतरी हात आडवा करून मार्ग बंद झाल्याचं सांगतं. मग माणूस घरी येऊन त्याच्यावर रागावू शकतो. माझ्यासाठी हात आडवा करायला कुणी नव्हतं.

मी मागे आले.

यावर तुमचा ठरलेला प्रश्न: "सकाळपर्यंत काठावर थांबायचं होतंस. पहाटे पाणी उतरलं असतं." माझी उत्तरं तयार असतात. कमरेपर्यंत ओली होते. अंगावर घ्यायला एक जाकीट आणि चांदीच्या कागदासारखं ते ब्लँकेट, एवढंच. मुक्कामाचं परमिट नव्हतं, आणि परमिटशिवाय तिथे रात्र काढायला परवानगी नसते. ही सगळी कारणं खरी आहेत. पण बॅगेत कोरडे मोजे होते, दोन गूळपोळ्या होत्या, आणि ऑगस्टची ती रात्र मी झाडाखाली कुडकुडत का होईना, काढली असती. थांबले नाही, कारण मला वेगळीच भीती वाटली: सकाळी पाणी गुडघ्याइतकं असेल आणि तरीही माझा पाय उचलणार नाही. मग पुलाचं कारण उरलं नसतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

हा शहाणपणा होता की नुसती भीती? "जीव वाचवलास, योग्य केलंस," असं तुम्ही म्हणता तेव्हा मला ते पटत नाही, आणि कुणी "घाबरलीस" म्हटलं तर मी चिडते. दोन्ही एकाच वेळी होतं. जशी रात्र जागले तशी बाजू बदलते.

मोविच लेकपर्यंत सहा-साडेसहा किलोमीटर परत चढले. उपग्रहावरून मेसेज पाठवायच्या यंत्रावरून नवऱ्याला 'मोविच लेकला ये' एवढंच कळवलं. तलावाकाठी तंबूत असलेल्या एका बाईनं मला बघून न विचारता चहा केला. कप हातात घेतला आणि क्षणभर थांबले. तो घोट घेतला की 'अनसपोर्टेड' संपणार होतं. नदीपाशी रडले नव्हते, तिथे रडले.

त्या ग्रुपमधल्या माणसाला आठवड्यानं लिहिलं, माफी मागितली. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "पाणी कुठपर्यंत होतं?" मी लिहिलं, मांडीपर्यंत. त्यानं लिहिलं, "मला पण."

आता तुमचा दुसरा प्रश्न, पुन्हा कधी. एप्रिल 2025 पासून कार्बन नदीवरचा 1921 सालचा फेअरफॅक्स पूल वाहनांसाठी कायमचा बंद झालाय. त्यामुळे त्या रात्री नवरा ज्या रस्त्यानं मला न्यायला आला, त्या रस्त्यानं आता गाडी मोविच लेकला येऊ शकत नाही. मधेच सोडायची ती सोय गेली. हे वाचून तुम्ही म्हणाल, मग विषयच संपला. माझ्यासाठी तो संपलेला नाही. या वेळी घड्याळाच्या दिशेनं जायचं. लाँगमायरहून संध्याकाळी सहाला निघायचं, म्हणजे तीस मैलांवर पहाटे पाचच्या सुमारास तीच नदी येते. त्या वेळी तिथे पाणी किती असतं, ते मी अजून बघितलेलं नाही.