भुतापुढे तीन टक्के बॅटरी

विनोदी भयपट लिहायला बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न भुताचा नसतोच. भूत कुठूनही आणता येतं. खरी पंचाईत असते ती पोरांच्या खिशातल्या मोबाइलची. तो चालू राहिला तर कुणीतरी पोलिसांना फोन करणार आणि मध्यंतराच्या आतच खेळ खलास. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात त्याचा निकाल लावावा लागतो, आणि तो कसा लावलाय यावरून लेखकाचं तरुण पिढीबद्दलचं मत न विचारता कळतं.

'रेंज नाही' हा सगळ्यात आळशी उपाय. फोन पाण्यात पाडणं त्याच्या खालोखाल. बॅटरी तीन टक्क्यांवर आणणं जरा बरं, कारण उरलेले तीन टक्के पोरगं कशावर उडवतं यात त्याचा स्वभाव दिसतो. पण उत्तम लेखक फोन ठणठणीत ठेवतो आणि तरीही मदत येऊ देत नाही. ग्रुपवर 'वाचवा' टाकलं की खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग लागते. इथे विनोद यंत्राच्या बिघाडावर नसतो. रोज उठून एकमेकांची फिरकी घेणाऱ्यांचं खरं कुणालाच खरं वाटत नाही, ही त्यातली गोम असते, आणि ती भुतापेक्षा जास्त बोचते.

1996 च्या 'स्क्रीम'मध्ये खिडकीतून आत आलेल्या मुलाच्या खिशातून मोबाइल पडतो आणि तेवढ्यावरून तो संशयित ठरतो. शाळकरी पोराकडे मोबाइल कशाला, हा तेव्हा पोलिसांना पडण्यासारखा प्रश्न होता. 2022 च्या 'बॉडीज बॉडीज बॉडीज'मध्ये वादळात वीज जाते, पाठोपाठ वायफाय जातं, आणि पोरं मोबाइलच्या टॉर्चवर घरभर एकमेकांवर संशय घेत फिरतात. घरात प्रेतं पडलेली असताना भांडण कशावरून, तर एकीच्या पॉडकास्टवरून. सव्वीस वर्षांत फोन पुरावा होता तो कंदील झाला.

पोरं साधारण पाच ते सात घेतात. त्याहून जास्त घेतली की प्रेक्षकांचा नावांचा गोंधळ होतो आणि चौथं मेलं तरी 'हा कोण होता?' अशी कुजबुज सुरू होते. कमी घेतली तर मारायला पुरत नाहीत. नव्वद मिनिटांतली पहिली वीस-पंचवीस ओळखी करून देण्यातच जातात: एक खेळाडू, एक हुशार, एक नशेबाज, एक सुंदर, एक साधी. 2012 साली आलेल्या 'द केबिन इन द वूड्स'ने या साच्याचीच खिल्ली उडवली. तिथली पोरं मुळात तशी नाहीतच; तळघरात टाय लावून बसलेले मोठे लोक त्यांना औषधं देऊन साच्यात बसवतात, वर पोरांवर कुठला राक्षस सुटणार यावर पैजा लावतात. तरुण पिढीची इतकी रोखठोक बाजू घेणारा सिनेमा क्वचितच दिसतो.

'टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल' (2010) नेमकी उलटी बाजू दाखवतो. कॉलेजची पोरं दोन साध्याभोळ्या गावकऱ्यांना खुनी समजतात. त्यातला टकर चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, फिरवत धावत येतो तो मधमाश्या मागे लागल्या म्हणून. घाबरून पळणारं पोरगं मोडक्या फांदीत स्वतःच घुसतं. भयपट पाहून पाहून जग कळल्याचा आव आणणं इथे जिवावर बेततं. हा प्रसंग का जमतो? नट घाबरण्यात कुठेही लबाडी करत नाहीत. पात्रानेच डोळा मारला की प्रेक्षकाची भीती गेली, आणि भीती गेली की विनोदालाही टेकू उरत नाही. हशा आणि किंकाळी एकाच क्षणी ठेवली तर दोन्ही विझतात. आधी शांतता, मग दचका, मग श्वास सुटताना विनोद, आणि त्यानंतर एक-दोन सेकंद कुणी बोलायचं नाही, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं.

सगळ्यात लवकर नासतं ते बोलणं. पटकथा लिहिल्यापासून सिनेमा पडद्यावर येईपर्यंत दोनेक वर्षं सहज जातात; तोवर पोरांनी ते शब्द कधीच टाकलेले असतात, कारण एव्हाना त्यांच्या आईवडिलांनी ते उचललेले असतात. चाळिशीतल्या लेखकाने ताजी भाषा कोंबलेली पात्रं उसने कपडे घातल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा भांडण खरं लिहावं: कोण कुणाला टाळतंय, कुणी मेसेज पाहून उत्तर दिलं नाही. हे शिळं होत नाही.

एक हुकमी विनोद मात्र या पिढीने कायमचा मोडीत काढला. कपाटात लपलेत, श्वास रोखलाय, बाहेर पावलं थांबलीत, आणि तेवढ्यात खणखणीत रिंगटोन! आता हे कुणाला पटत नाही. पोरांचे फोन बारा महिने सायलेंटवर असतात, आणि आलेला फोन तर ती उचलतही नाहीत. हा प्रसंग वाचवायचा असेल तर कपाटात त्यांच्याबरोबर एखाद्याचे बाबाही कोंडावे लागतात.