ताप उतरल्यावरची रात्र

"ताप गेला ना डॉक्टर, मग आता सोडा की घरी." पोराच्या वडिलांचं म्हणणं वरवर बरोबरच होतं. डेंगीचा पाचवा दिवस, सकाळपासून ताप नाही. मला मात्र त्याची गार पडलेली बोटं आवडली नव्हती. नाडी पळत होती, बीपी १००/८४. वरचा आकडा ठीक दिसतो आणि तिथेच नजर फसते. डेंगीत दोन आकड्यांतलं अंतर २०च्या आत आलं की तो शॉक, म्हणजे अवयवांना रक्त अपुरं पडणं, धरायचा, पोरगा मोबाइल बघत बसलेला असला तरी.

त्या काकांचा सगळा जीव पेशींत, म्हणजे प्लेटलेट्समध्ये. "पेशी किती?" सव्वीस हजार. मी बघत होतो हिमॅटोक्रिट, रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण: भरती होताना ३९, आता ५०. रक्त दाट झालं होतं, म्हणजे त्यातलं पाणी कुठेतरी गेलं होतं. सोनोग्राफीत ते सापडलं, उजव्या फुप्फुसाभोवती आणि पोटात.

केशवाहिन्यांची भिंत जेमतेम एका थराची. ऑक्सिजन, ग्लुकोज, क्षार तिच्यातूनच शरीराला मिळतात. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन ते आत धरून ठेवतं. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १८९६ मध्ये मांडलेलं हे गणित. तरीही जे झिरपतं ते लसिकावाहिन्या परत रक्तात आणतात. डेंगीच्या विषाणूचं एनएस-१ प्रथिन या भिंतीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतं आणि अल्ब्युमिनच बाहेर निसटतं. मग पाणी धरणार कोण?

काका शेतकरी. म्हटलं, "पाटाला गळती लागलीय, टोकाच्या शेताला पाणी पोचत नाहीये." ते लगेच गप्प झाले.

पहिल्या तासात वजनाच्या किलोमागे १० मिली सलाईन दिलं. मग दर काही तासांनी हिमॅटोक्रिट आणि लघवी मोजत वेग कमी करत नेला. कमी दिलं तर शॉक, जास्त दिलं तर तेच पाणी छातीत. गळती साधारण २४ ते ४८ तास चालते, तेवढा वेळ निभावायचा असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिमॅटोक्रिट ४१, हात गरम, लघवी भरपूर. मी सलाईन बंद केलं. काका धावत आले, "अहो, पेशी अजून तीसच हजार आहेत!"

"रक्तस्राव नाही ना कुठे? मग पेशी आपोआप वाढतील. बाहेर गेलेलं पाणी आता परत रक्तात येतंय. वरून आणखी ओतलं तर याला धाप लागेल."

काकांनी मान डोलावली. मग हळूच पिशवीतून बाटली काढली. "पण पपईच्या पानांचा रस चालू ठेवू ना?"