नाक मोठं, मालक मागे

नव्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजचं नाक फोटोत मोठं दिसतंच, पण समोर उभं राहिल्यावर ते त्याहूनही मोठं निघतं. इंदूरच्या ऑटो शोमध्ये त्या काळ्या गाडीपुढे उभा राहून मी आधी तिचे डोळे शोधले. नेहमीच्या जागी सापडेनात. वर दोन बारीक चमकदार पट्ट्या, खरे हेडलाइट त्यांच्या खाली काळ्या खाचेत दडवलेले, आणि मधे त्या अवाढव्य नाकपुड्या, कडेकडेने उजळलेल्या. रात्री बायपासवर हे तोंड आरशात दिसलं तर माणूस मुकाट्याने डावीकडे सरकेल. तोच हेतू असावा.

नाकपुड्यांची ही दुहेरी जाळी म्हणजे बीएमडब्ल्यू घराण्याची खूण, थेट 1933 पासूनची. तेव्हा तिला काम होतं: रेडिएटरला वारा लागू देणं. आता याच गाडीचं विजेवर चालणारं भावंड, आय-सेव्हन, बघा. तिथे इंजिनच नाही, जाळी बंद, मागे सेन्सर बसवलेले. तरी आकार तसूभर कमी नाही. वतन गेलं, पगडी राहिली.

काका सोबत होते. पीथमपूरच्या कारखान्यात, पेंटशॉपमध्ये, त्यांची सगळी नोकरी गेली. गाडीच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थेट मागच्या दारापाशी जाऊन वाकले, डोळा पत्र्याच्या रेषेत आणला आणि छतावरच्या दिव्यांचं प्रतिबिंब न्याहाळू लागले. प्रतिबिंबाची कड सरळ धावली तर रंग नीट बसला. थरथरली तर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडलेत म्हणून समजायचं. मग बॉनेट आणि फेंडरमधल्या फटीतून नख फिरवत पुढे गेले. मायक्रोफायबरचं फडकं घेतलेला मुलगा त्यांच्या मागोमाग, बोटांचे ठसे पुसत. शेवटी तो वैतागलाच.

"अंकल, हात मत लगाइए ना."

"बेटा, पूरी नौकरी यही तो किया है," काका म्हणाले आणि डिकीकडे वळले. जाता जाता मला हळूच, "गॅप एकसारखी आहे रे सगळीकडे." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पावतीच.

मलाही बाजूने गाडी आवडली, हे सांगायला हवं. दारांवर उगाच रेघोट्या नाहीत, हँडल पत्र्यात बेमालूम बसलेली. लांबी मात्र 5391 मिलिमीटर. लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत ती वळवायची तर दोन स्कूटर आणि एका गायीची परवानगी लागेल.

तोंडाला नावं ठेवताना मी थोडा बिचकतोच. 2001 मध्ये आलेल्या सेव्हन सिरीजची डिकी वरून वेगळी ठेवल्यासारखी दिसायची. डिझाइनचे प्रमुख ख्रिस बँगल यांना जगभरच्या गाडीवेड्यांनी त्यावरून धारेवर धरलं होतं. ती पुढे खपली ते खपलीच. लोकांची नजर मरते की तयार होते, कोण जाणे. आपण तर अनेक दशकं जवळजवळ तेच तोंड असलेली अँबॅसिडर बघत मोठे झालो. नवं मॉडेल आलंय हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

पण शोमधली खरी गर्दी ना नाकापाशी होती, ना डिकीपाशी. रांग होती मागच्या सीटसाठी. बटण दाबलं की दार आपोआप उघडतं. आत बसलं की छतातून 31.3 इंचांचा पडदा खाली येतो, खिडक्यांचे पडदे वर चढतात आणि गाडीचं थिएटर होतं. या पिढीत सेव्हन सिरीज जगभर फक्त लांब व्हीलबेसमध्येच मिळते, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर आणि मागच्या सीटला जास्त जागा. मर्सिडीजनेही लांब ई-क्लास उजव्या स्टिअरिंगमध्ये सगळ्यात आधी, 2017 मध्ये, भारतातच आणली. हिशेब सरळ आहे: आपल्याकडे ज्याच्या नावावर गाडी असते तो मागे बसतो. पुढचं तोंड रस्त्यावरच्या तुम्हा-आम्हांसाठी, मागची खुर्ची शेठजींसाठी. मालकाला ते नाक दिसणार फक्त गाडीत चढताना-उतरताना.

याच गावात एक मालक वेगळा होऊन गेला. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे. 1930 च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून आपला माणिकबाग राजवाडा सजवून घेणारे. त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मागवली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली, रंग केशरी आणि काळा. गाडीचं नाक लांबच लांब, आत सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, आणि बसायला जागा दोघांनाच. राजेसाहेबांना मागे बसायची सोयच नव्हती!

मी हे काकांना सांगायला वळलो, तर काका जागेवर नव्हते. ड्रायव्हरच्या सीटसाठी रांग नव्हतीच, तेव्हा ते सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसले होते. मधला आरसा आपल्या डोळ्यांना लावून घेत होते. तेवढ्यात मागे बसलेल्या पोरांनी बटण दाबलं, पडदा खाली उतरला आणि आरशात त्याची काळी पाठ तेवढी उरली.

"ए, वर घ्या रे ते," काका ओरडले, "मागचं काही दिसत नाहीये!"