नव्वद चकत्या आणि एक पुरणयंत्र

डिसेंबरातला तोंबोलाचा शनिवार आला की कपाटातून वेताची निमुळती टोपली निघायची. तिला नेपल्सकडे पानारिएल्लो म्हणतात. आत 1 ते 90 आकड्यांच्या लाकडी चकत्या. पहिलं काम त्या मोजण्याचं, कारण एक चकती जरी हरवली असली तरी कुणाची तरी ओळ शेवटपर्यंत भरत नाही आणि ते कळतं खेळ संपल्यावर. मग प्रत्येक सतरंजीवर चिंचोक्यांची एक वाटी. इटलीत आकडे झाकायला घेवड्याच्या बिया, मसूर नाहीतर संत्र्याच्या सालीचे तुकडे घेतात. चिंचोका चपटा, जागचा हलत नाही, म्हणून पुण्याच्या या इटालियनच्या वर्गात तोच रूढ झाला.

वर्ग आठवड्यातून दोनदा भरायचा, क्रियापदं पाठ व्हायची, वह्या भरायच्या. पण ऑक्टोबर ते मार्च या काळात चार-पाच वेळा पहिल्या पातळीपासून शेवटच्या पातळीपर्यंत सगळे एकत्र जमत, आणि इटालियन खरी मुरायची ती तिथे. हात कामात गुंतलेले असले की जीभ मनातल्या मनात भाषांतर करत बसत नाही.

तोंबोला म्हणजे आपला तंबोलाच. शब्द तिथूनच आला. तिकिटाला कार्तेल्ला म्हणतात: तीन ओळी, नऊ रकाने, ओळीत पाच आकडे, एकूण पंधरा. मोठ्या पाटीवर 1 ते 90 सगळे आकडे मांडलेले असतात; पाटी ज्याच्याकडे तो आकडे पुकारतो आणि खेळतोही, कारण पाटीचे पंधरा-पंधरा आकड्यांचे सहा भाग म्हणजे सहा कार्तेल्लाच. बक्षिसं चढत जातात. एकाच ओळीत दोन आकडे लागले की आंबो, तीन लागले की तेर्नो, चार क्वातेर्ना, पाच चिंक्विना, आणि पंधराही झाकले की तोंबोला. सोसायटीच्या हाऊजीत वाढलेली मंडळी पहिल्या वर्षी हमखास इथे चुकायची. त्यांच्या डोक्यात ‘जल्दी पाच’ बसलेलं, म्हणून तिकिटावर कुठेही तीन आकडे आले की तेर्नो ओरडत. ओळ एकच हवी, आणि दावा पुढची चकती निघण्याआधी करायला हवा, हे दोन नियम खेळाआधी फळ्यावर लिहिलेले बरे. चाळीस जण, प्रत्येकी दोन तिकिटं, तिकिटाला दहा रुपये असे 800 जमले की 60, 100, 140, 200 आणि 300 अशी वाटणी ठरलेली असे.

खरी परीक्षा आकड्यांची. मराठी माणूस एकक आधी म्हणतो, दशक नंतर: सदुसष्ट म्हणजे सात आणि साठ. इटालियनमध्ये सेस्सांतासेत्ते, साठ आधी. कानाला सवय आपली, म्हणून 67 पुकारला की निम्म्या सतरंज्यांवर 76 वर चिंचोका पडायचा. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. इटालियन मुलं थेट तसंच मोजतात. मात्र 11 ते 16 तिथेही आपल्यासारखेच, एकक पुढे: उंदिची, दोदिची, थेट सेदिचीपर्यंत. 17 ला गाडी रूळ बदलते आणि दिचास्सेत्ते होतं. दशकापुढे एक किंवा आठ आला की दशकाचा शेवटचा स्वर गळतो, म्हणून वेंतूनो, वेंतोत्तो. हे नियम वर्गात तीनदा सांगून लक्षात राहत नाहीत. एकदा क्वारांतोत्तो ऐकून 48 झाकायचा राहिला आणि चिंक्विना हुकली की जन्मात विसरत नाहीत.

पुकारणारा तयारीचा असेल तर नुसता आकडा सांगत नाही. नेपल्समध्ये प्रत्येक आकड्याला एक चित्र जोडलेलं आहे, त्या यादीला स्मोर्फिया म्हणतात. स्वप्नात जे दिसलं त्याचा आकडा यादीतून काढायचा आणि लोट्टो या सोडतीला लावायचा, ही तिथली जुनी रीत. 3 म्हणजे मांजर, 5 हात, 10 घेवडा, 22 वेडा, 25 नाताळ, 50 पाव, 90 भीती. 47 म्हणजे मेलेला माणूस आणि 48 म्हणजे बोलणारा मेलेला माणूस. ‘इल मोर्तो के पार्ला’ अशी आरोळी उठली की हॉलभर हशा पिकायचा, आणि ‘के’ हे संबंधी सर्वनाम कुणीही न शिकवता नव्या विद्यार्थ्यांच्या तोंडी बसायचं.

नोव्हेंबरचं जमणं स्वयंपाकाचं. इटलीबाहेर सगळीकडे 2016 पासून नोव्हेंबरात इटालियन पाककलेचा आठवडा होतो, त्याच्या आगेमागे वर्गाचा ञोक्कीचा, म्हणजे बटाट्या-मैद्याच्या उकडलेल्या तुकड्यांचा, दिवस. शक्यतो गुरुवार, कारण रोममध्ये गुरुवारी ञोक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी अशी म्हणच आहे. इंग्रजीच्या वळणाने लोक ग्नोची म्हणतात. त्या एका शब्दात उच्चाराचे तीन धडे आहेत. जी-एन मिळून ञ होतो. सी-एच म्हणजे क, च नव्हे. आणि सी दोनदा आहे, म्हणून क्क जोडून, जोर देऊन म्हणायचा.

जोडाक्षराचा आपल्याला मोठाच आधार. कला आणि कल्ला यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला सेते म्हणजे तहान आणि सेत्ते म्हणजे सात, नोनो म्हणजे नववा आणि नोन्नो म्हणजे आजोबा, हे वेगळं शिकवावं लागत नाही. आन्नो म्हणजे वर्ष. वय सांगताना तिथला एक ‘न’ गाळला तर अर्थ लाजिरवाणा होतो, म्हणून ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. चमचातला च आणि चिमणीतला च आपण एकाच अक्षराने लिहितो आणि न चुकता वेगळे बोलतो. इटालियनला हे दोन्ही लागतात. ग्रात्सिए आणि पित्सा यांत चमचातला, चाओमध्ये चिमणीतला. डासाला म्हणतात जांजारा, त्यात दोन्हीकडे जहाजातला ज. पुण्यातल्या रस्त्यावरच्या तीनचाकी मालगाडीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव लोक एप असं वाचतात. ते खरं आपे, म्हणजे मधमाशी. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. बारामतीच्या आणि रांजणगावच्या इटालियन कंपन्यांच्या कारखान्यांतून वर्गाला येणाऱ्यांची ओळख बहुधा या दोन कीटकांपासूनच सुरू व्हायची.

तर ञोक्की. तीस जणांना पाच किलो बटाटे, किलोला 250 ते 300 ग्रॅम मैदा, मीठ. बटाटा जुना, पिठूळ हवा. नोव्हेंबरात मंडईत नवा बटाटा यायला लागतो, पातळ सालीचा, पाणीदार. तो घेतला की मैदा पीत जातो आणि ञोक्की रबरासारखे होतात. शीतगृहातला जुना बटाटा कधी गोड निघतो, म्हणून आदल्या दिवशी दोन उकडून चव बघायची. सालासकट, थंड पाण्यापासून उकडायला लावायचे. सोलून चिरून उकडले की पाणी आत शिरतं.

गरम असतानाच सोलायचे आणि पुरणयंत्रातून काढायचे. इटलीत यासाठी दाबायचं वेगळं यंत्र असतं, पण बारीक जाळीचं पुरणयंत्र तेच काम करतं आणि घराघरात असतं. लगदा ओट्यावर पसरून वाफ जाऊ द्यायची, ही पायरी घाईत सुटते आणि तिथेच बिघडतं. मग मैदा भुरभुरवून नुसतं एकत्र करायचं. पोळीच्या कणकेसारखं मळायची आपली सवय इथे सोडावी लागते. जितकं मळाल तितका चिवटपणा वाढतो. गोळा झाकून ठेवला तरी चालत नाही, बटाट्याला पाणी सुटून तो पुन्हा चिकट होतो. बोटाएवढ्या जाड वळ्या, दोन सेंटिमीटरचे तुकडे, प्रत्येक तुकडा काट्याच्या पाठीवरून अंगठ्याने ढकलायचा. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला खळगा पडतो, त्यात सॉस धरून राहतो. सगळे सोडण्याआधी एक ञोक्को उकळत्या खारट पाण्यात सोडून बघायचा. विरघळला तर गोळ्यात चमचाभर मैदा आणखी. वर तरंगला की झाऱ्याने काढायचा, दोन-तीन मिनिटांत होतो. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं, म्हणून किसलेलं चीज वेगळ्या वाटीत आणि शाकाहारी मंडळींना आधीच सांगून.

या सगळ्या धांदलीत आज्ञार्थ शिकून व्हायचा. मेस्कोला, ढवळ. स्क्याच्चा, दाब. आज्जुंजी, घाल. तेच आदराने म्हणायचं तर शेवटचे स्वर उलटतात: मेस्कोली, आज्जुंगा. वर्गातल्या सोबत्यांना तिथे तू म्हणण्याची रीत, पण निवृत्त झालेल्या काकांना ‘मेस्कोला’ म्हणायला आपल्या मुलांची जीभ रेटत नसे. ती सरळ सगळ्यांना मिळून मेस्कोलाते म्हणून मोकळी व्हायची.

जेवताना मग आवडीनिवडी निघत, आणि मराठी माणसाला इटालियन किती जवळची आहे ते तेव्हा कळायचं. इंग्रजीतून शिकणारा ‘मी प्याचे इल काफ्फे’ या वाक्याशी झटत बसतो. आपल्याला ‘मला कॉफी आवडते’ यातला शब्द न् शब्द जागच्या जागी सापडतो. आंबे अनेक झाले की आवडतात, तसंच तिथे प्याच्चोनो. भूतकाळात तर आणखी गंमत. ‘मी गेलो, मी गेले’ म्हणताना आपण कर्त्याचं लिंग बघतो. सोनो आंदातो, सोनो आंदाता यातही तेच. ‘सफरचंद खाल्लं, पोळी खाल्ली’ म्हणताना क्रियापद कर्माकडे वळतं. तिथे सकर्मक क्रियापदाला साहाय्यक क्रियापद दुसरं लागतं, आणि कर्माच्या जागी सर्वनाम पुढे आलं की खाल्लेल्या वस्तूचं लिंग शेवटच्या स्वरात उतरतं. दोन्ही भाषांचे नियम तंतोतंत जुळत नाहीत, पण अकर्मक आणि सकर्मक यांना वेगळी वागणूक द्यायची सवय आपल्या रक्तातच आहे. शिकवणाऱ्याने हे पहिल्या महिन्यातच दाखवलं तर सहा महिने वाचतात, असं आमचं ठाम मत आहे.

ऑक्टोबरचा इटालियन भाषेचा आठवडा 2001 पासून जगभर होतो. त्यात वाचन, एखादा चित्रपट, व्याख्यान. त्यामागच्या संस्थांपैकी एक फ्लॉरेन्सची आक्कादेमिया देल्ला क्रूस्का, 1583 ची. क्रूस्का म्हणजे कोंडा. भाषा चाळून कोंडा वेगळा करायचा म्हणून त्यांचं चिन्हही पीठ चाळायचं यंत्र. त्यांचा शब्दकोश 1612 साली आला. 25 मार्चला कवी दान्तेचा दिवस, तो इटलीत 2020 पासून सुरू झाला. तेव्हा त्याची तीन-तीन ओळींची साखळी यमकं मोठ्याने म्हणायची, कळो न कळो.

मधल्या काळात पत्ते. स्कोपा म्हणजे झाडू. चाळीस पानं लागतात, म्हणून नेहमीच्या जोडातून अठ्ठी, नव्वी, दश्शी काढायच्या. गुलाम 8, राणी 9, राजा 10. प्रत्येकाला तीन पानं, चार उघडी. हातातल्या पानाएवढी बेरीज जमली की उचलायचं, सगळं उचललं की झाडू, एक गुण. चौकट सत्ती म्हणजे सेत्तेबेल्लो, तिचा गुण वेगळा.

स्वयंपाकाचं शेवटचं जमणं कार्नेव्हालेचं, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला. गोव्यात कार्निव्हल असतो तेच दिवस. त्या दिवशी तळायचे ते क्याक्क्येरे, म्हणजे गप्पा. मिलानमधलं हे नाव. फ्लॉरेन्सकडे त्याच पदार्थाला चेंची, म्हणजे चिंध्या, रोममध्ये फ्राप्पे, तोरिनोकडे बुजीए, म्हणजे थापा. दिसायला शंकरपाळ्यांची लांबट बहीण. अर्धा किलो मैदा, 50 ग्रॅम लोणी, तीन अंडी, 60 ग्रॅम साखर, लिंबाची किसलेली साल आणि दोन मोठे चमचे रम किंवा पांढरी वाइन. तळताना मद्याची वाफ होते, त्याने फोड येतात. अर्धा तास झाकून मग दीड मिलिमीटर जाडीची पोळी लाटायची. इथे हात राखला की फोड येत नाहीत आणि नुसती कडक पट्टी हाती येते. करंजीच्या कातणाने पट्ट्या, मधोमध एक चीर, 170 अंशांच्या तेलात प्रत्येक बाजू अर्धा मिनिट. पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर ती वितळून ओली होते.

डब्यात भरताना एकजण हटकून विचारायचा की हे म्हणायचं काय, क्याक्क्येरे की बुजीए. मग तोरिनोत राहून आलेली मंडळी एकीकडे, मिलानला शिकून आलेली दुसरीकडे, आणि वाद पूर्ण इटालियनमधून. पहिल्या पातळीची मुलं तोवर डब्यातले तुटके तुकडे संपवत असायची, आणि त्यांतलंच एखादं मान वर करून म्हणायचं, ‘मी प्याच्चोनो’. अनेकवचन बरोबर.