एकही झाड तुटणार नव्हते, म्हणून हरकत निकाली

"प्रस्तावित कामात एकही वृक्ष बाधित होत नसल्याने आपली हरकत निकाली काढण्यात येत आहे." माझ्या पहिल्या हरकतीला आलेले हे एका ओळीचे उत्तर मी जपून ठेवले आहे आणि ते वाचताना आजही मला तितकाच त्रास होतो. आमच्या शहराच्या कडेला असलेल्या टेकडीवरील नैसर्गिक उद्यानात पायथ्यापासून माथ्यावरच्या पठारापर्यंत तीन मीटर रुंदीचा काँक्रीटचा पादचारी मार्ग, कडेला पेव्हिंग ब्लॉक आणि दिव्यांचे खांब होणार असल्याचा फलक जानेवारीत लागला. त्या मार्गात खरोखरच एकही झाड येत नव्हते, कारण पठारावर झाडे नाहीतच. तिथे कुसळी गवत, विखुरलेले दगड आणि उघडी मुरमाड जमीन आहे, आणि टिटवी, रातवा, चंडोल व तित्तर हे पक्षी नेमकी याच जमिनीवर अंडी घालतात.

फलक लागण्याच्या आधीच्या एप्रिलमध्ये मी तिथे टिटवीचे घरटे पाहिले होते. घरटे म्हणजे काय, तर जमिनीवर उकरलेली तळहाताएवढी खोलगट जागा, तिच्याभोवती मांडलेले बारीक खडे आणि आत चार मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी, चारहींची निमुळती टोके मध्यभागी वळलेली. मी तीन पावलांवर उभी होते तरी ती मला दिसली नव्हती. टिटवीने डोक्यावर घिरट्या घालून आकांत केला म्हणून मी थांबले. रातवा तर तेवढेही करत नाही. तो घरटे बांधत नाही, पालापाचोळ्याच्या रंगाचा होऊन अंड्यांवर निश्चल बसून राहतो आणि संध्याकाळी अंधार पडू लागला की किडे टिपायला उठतो. अशा पक्ष्याच्या जमिनीवर रात्रभर जळणारे दिवे लावायचे, हे माझ्या मनाला पटणे शक्यच नव्हते.

हरकतीवर सह्या गोळा करणे, सकाळी फिरायला येणाऱ्यांशी बोलणे, वर्तमानपत्राला पत्र लिहिणे हे सगळे पंधरा दिवसांत पार पडले. पुण्यात वेताळ टेकडी वाचवण्यासाठी एप्रिल 2023 मध्ये नागरिकांनी मोठा मोर्चा काढला होता. आमच्याकडे मात्र सगळ्या मिळून एकोणीस सह्या होत्या. म्हणूनच कागदपत्रांवाचून आमचे कोणी ऐकणार नाही हे मला लवकर कळले आणि मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. माझे पुढचे जवळजवळ चार महिने त्या एका अर्जात गेले.

अर्ज साधा होता: या कामाचे अंदाजपत्रक, मंजुरीची टिपणी आणि स्थळ पाहणी अहवाल यांच्या प्रती. जोडपत्र 'अ' भरले, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि उद्यानाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात दिला. पहिल्या दिवशी बारनिशीच्या, म्हणजे आलेल्या कागदांची नोंद करणाऱ्या टेबलावर अर्ज ठेवून घेतला गेला, पण पोच मिळाली नाही. "साहेब जागेवर नाहीत मॅडम, शिक्का त्यांच्या कपाटात आहे, सोमवारी या." मी सोमवारी गेले, गुरुवारी गेले, पुढच्या सोमवारीही गेले. चौथ्या फेरीत सांगण्यात आले की अर्ज बांधकामाशी संबंधित असल्याने दुसऱ्या विभागाकडे पाठवला आहे. दुसऱ्या विभागात गेले तर तिथल्या आवक नोंदवहीत त्याची नोंदच नव्हती. तिथल्या लिपिकाने माझ्यासमोर पान उलटून बोट ठेवून दाखवले आणि ते खरेच बोलत होते. म्हणजे अर्ज एका कार्यालयातून निघाला होता, पण दुसऱ्यात पोहोचला नव्हता, आणि पोच नसल्यामुळे मी तो दिला होता हेही मला सिद्ध करता येत नव्हते. त्या दिवशी मी जिन्याच्या पायरीवर बसून अक्षरशः रडले.

सातव्या फेरीत मी नवा अर्ज लिहून नेला आणि आवक क्रमांक व तारखेसह शिक्का मिळेपर्यंत टेबलासमोरून हलले नाही. पावणेदोन तास लागले. हे मी आधीच करायला हवे होते. पोच हातात आल्याशिवाय कार्यालयाच्या दाराबाहेर पाऊल टाकू नका. अर्ज दुसऱ्या विभागाचा असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांच्या आत पाठवायचा असतो आणि अर्जदाराला तसे कळवायचे असते. अर्जदाराने या दारातून त्या दारात फिरायचे नसते, हेही मला तोपर्यंत माहीत नव्हते. अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो दीडशे शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो.

तीस दिवस उत्तराविना उलटले आणि एकतिसाव्या दिवशी मी जोडपत्र 'ब' मध्ये, वीस रुपयांच्या स्टॅम्पसह, प्रथम अपील दाखल केले. सुनावणी दहा मिनिटांची झाली. अपिलीय अधिकारी शांतपणे ऐकून घेणारे होते; मुदत उलटल्यामुळे कलम 7(6) प्रमाणे प्रती विनाशुल्क द्याव्यात आणि मूळ नस्ती, म्हणजे या कामाची फाइल, मला पाहू द्यावी, असा आदेश त्यांनी तिथेच दिला. एवढ्या दहा मिनिटांसाठी मी चार महिने थांबले होते.

नस्तीत स्थळ पाहणी अहवालाचे अर्धे पान निघाले. त्यावर लिहिले होते: "जागेवर पक्ष्यांचा अधिवास आढळून आला नाही." खाली तारीख होती आदल्या वर्षीच्या एप्रिलची आणि वेळ दुपारी साडेबाराची. मी टिटवीच्या त्या चार अंड्यांचे छायाचित्र काढले होते ते त्याच आठवड्यात, त्याच पठारावर. एप्रिलच्या रणरणत्या दुपारी, तेही जमिनीकडे न पाहता, कोणाला काय दिसणार होते! माझ्या मोबाइलमधल्या छायाचित्रावर तारीख आणि ठिकाण नोंदलेले होते म्हणून ते पुरावा ठरले. कॅमेऱ्यातली ती सोय आजच चालू करून घ्या. छायाचित्र मात्र लांबूनच काढावे आणि लगेच बाजूला व्हावे, नाहीतर पक्षी अंड्यांवर परतत नाही आणि उन्हात ती तापतात.

दुसऱ्या हरकतीत मी झाडांचा उल्लेखही केला नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 2(16) मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची हानी करणे आणि अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही येते. हा मजकूर, छायाचित्र आणि त्यांचाच अहवाल अशी तीन पाने एकत्र जोडून दिली. सोबत पर्यायही दिला, कारण आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला विचारले होते, "ताई, गुडघे दुखणाऱ्यांनी फिरायचे कुठे?" त्यांचे म्हणणे मला मान्य होते. पायथ्याची वाट मुरूम घालून दाबून घ्यावी, तिथे बसायला बाके असावीत, आणि पठारावरची पायवाट मातीचीच, दिव्यांविना राहू द्यावी, असे मी लिहिले. या अर्जावर काकांनीही सही केली.

पुढे तीन आठवड्यांत पठारावरचे काम रद्द झाल्याचे पत्र आले. ते मी फाटकापाशी उभी राहून दोनदा वाचले आणि तशीच टेकडीवर गेले. पायथ्याशी आता मुरुमाची वाट झाली आहे आणि काका रोज तिथे येतात. पठाराच्या तोंडाशी उतरवलेला पेव्हिंग ब्लॉकचा ढीग मात्र तिथेच पडून आहे. तो टिटव्यांच्या विणीआधी हलवावा, असा अर्ज मी मागच्या मंगळवारी दिला आहे, आणि त्याचा आवक क्रमांक माझ्या पर्समध्ये आहे.